लाँचमध्ये बसलं की माणसं बदलतात का?

खारा_वारा
कामानिमित्त अलिबाग-मुंबई जाणं-येणं चालू असतं. पावसाळ्यात एसटी नाहीतर रो-रो (गाड्याही नेणारी मोठी बोट), एरवी मांडवा-गेटवे लाँच. बरीच वर्षं एक गोष्ट बघतोय आणि ती कशामुळे होते यावर घरात एकमत होत नाही.

लोकलमध्ये नुसता धक्का लागला तरी गुरगुरणारा माणूस लाँचच्या वरच्या डेकवर अनोळखी पोराला कठड्याकडची जागा देतो. फरसाणाची पुडी फिरते. "ती कसली बोट हो, तेलाची का?" असं विचारून चेहऱ्यानेही ओळख नसलेली माणसं बोलायला लागतात. त्याच लाँचच्या खालच्या मजल्यावर, इंजिनाजवळ, सगळे आंबट तोंडाने मोबाईलमध्ये. उतरताना तर खालचे वरच्यांवर वैतागलेले असतात.

बायको म्हणते, समुद्राचा वारा लागला की कोणीही नरम पडतं. मी म्हणतो वारा दुय्यम, कोणाशेजारी आणि कसं बसवलंय यावर सगळं ठरतं. तुमचा अनुभव काय? लाँच, रो-रो, तरीची होडी, गोव्याची फेरी, परदेशातली, काहीही चालेल.

तिरकस
वर बसायचे वेगळे पैसे मोजलेले असतात राव. वसूल करायला हसावंच लागतं.

मोरा_ते_मुंबई
खारा_वारा, तुमची लाँच म्हणजे सहलीची लाँच. शुक्रवारी संध्याकाळी गेटवेला बघा, कुत्री आणि वाईनच्या बाटल्या घेऊन मंडळी बंगल्यावर निघालेली असतात. ती खूश असणारच, त्यात समुद्राने काय केलं?

आमची मोरा-भाऊचा धक्का लाईन. इथे मूड तिथीवर ठरतो. मोरा बंदरात गाळ इतका की अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही. मग घड्याळाकडे बघत उभे राहा. तेव्हाही अनोळखी माणसं एकमेकांशी बोलतात, नाही असं नाही, पण ते बोलणं इथे लिहिलं तर संपादक उडवतील.

तरी एक सांगतो. मागच्या बाजूला आमचा ठरलेला कोपरा होता, तिथे पत्त्यांचा डाव पडायचा. एक बँकेतला, एक गोदीतला, एक कॉलेजचा पोरगा, आणि मी. कोणाच्या घरी कोण आजारी, कोणाचं लग्न ठरलं, सगळं तिथे कळायचं. १२ जानेवारी २०२४ ला उरणपर्यंत लोकल सुरू झाली आणि भिडू पांगले. कोणी बेलापूरला नोकरी धरली, कोणाला लोकल सोयीची पडली. बोट तीच, वारा तोच, पण आता मीही कानात बोंडं घालून बसतो. म्हणजे तुमच्या बायकोपेक्षा तुमचंच बरोबर दिसतंय. नाईलाज आहे.

कानाची_डॉक्टर
खालच्या डेकवरच्यांचं तोंड आंबट का, याला एवढी चर्चा नको. बोट हलली की कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मेंदूला सांगतो, आपण हलतोय. डोळ्यांना मात्र समोर स्थिर बाकडं आणि स्थिर भिंत दिसते. दोन निरोप जुळत नाहीत आणि मळमळायला लागतं. त्यात डिझेलचा वास, बंद हवा, आणि शिवाय मान खाली घालून मोबाईल बघायचा! उलटी होण्याच्या बऱ्याच आधी माणूस चिडचिडा होतो, गप्प होतो, त्याला कोणी बोलायला नको असतं. त्यालाच आपण माणूसघाणा म्हणतो.

वरच्या डेकवर क्षितिज दिसतं, डोळे आणि कान एकच गोष्ट सांगतात. वर जागा नसेल तर बोटीच्या मध्यावर बसा, तिथे झोका सगळ्यात कमी. नजर लांब ठेवा. गोळी घेणार असाल तर निघण्याआधी घ्या, मळमळायला लागल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही.

नुसताच_वाचक
म्हणजे नवरा चूक, बायको चूक, कान बरोबर. धागा बंद करा.

कानाची_डॉक्टर
बंद कशाला? एकाला उलटी झाली की शेजारच्या चौघांचे चेहरे बघा. ते कानाने होत नाही, ते शेजाऱ्यानेच होतं. खारा_वारा यांचा मुद्दा तिथे शाबूत आहे.

एसी_केबिन
मला रो-रो झाल्यापासून सुख आहे. बंद केबिन, गार हवा, कोणी बोलायला येत नाही. भाऊच्या धक्क्यावरून पूर्वी लाकडी लाँचने जायचो तेव्हा मासळीच्या पाट्यांचं पाणी पायाखाली. त्या वासात कसला आलाय आनंद आणि कसला जनसंपर्क.

करंजाची_नात
@एसी_केबिन, त्या पाटीवाल्यांमध्ये माझी आजी होती. करंजाहून लाँच पकडून मुंबईत विकायला जायची. तिला काय वाटायचं ते ऐका. लोक पाय वर घेऊन बसायचे, पदर नाकाला लावायचे, आणि बाजारात त्याच बाया तिच्याकडून पापलेट घासाघीस करून न्यायच्या. म्हणून पाटीवाल्या सगळ्या एका जागी बसायच्या, पुढच्या टोकाला. तिथे जो हशा चालायचा तो बाकीच्या लाँचला ऐकू यायचा. लोकांना वाटायचं कोळणी भांडतायत! भांडत नसायच्या, रात्रीची झोप अर्धी टाकून आलेल्या बाया जाग्या राहायला एकमेकींच्या टोप्या उडवायच्या.

तर धागाकर्त्याला माझं उत्तर: एकाच लाँचमध्ये दोन लाँच असतात. एकीला दुसरीचा वास येतो, दुसरीला पहिलीची नजर कळते.

एसी_केबिन
वासाबद्दल बोललो, माणसांबद्दल नाही.

करंजाची_नात
पाटी एकटी चालत येत नाही दादा.

मानस_व्यापार
या विषयावर एक गाजलेला प्रयोग आहे. शिकागोच्या निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी २०१४ मध्ये छापला. रोज ट्रेनने, बसने जाणाऱ्या लोकांपैकी काहींना सांगितलं, आज शेजारच्या अनोळखी माणसाशी बोला. काहींना सांगितलं, गप्प एकटे बसा. काहींना म्हणाले, नेहमीसारखं करा. बोललेल्यांचा प्रवास जास्त छान झाला असं त्यांनीच नोंदवलं. गंमत पुढे आहे. दुसऱ्या लोकांना नुसतं विचारलं की कशात मजा येईल, तर ते म्हणाले, एकटं बसण्यात! म्हणजे आपल्याला काय आवडेल याचा आपलाच अंदाज उलटा. समोरच्याला आपल्याशी बोलायचं नसेल असं प्रत्येकजण धरून चालतो, आणि समोरचाही तेच धरून चालतो.

तिरकस
शिकागोवाल्यांना एकदा सकाळची विरार फास्ट दाखवा. बोललेले आणि न बोललेले, दोघांचाही प्रवास सारखाच होईल.

मानस_व्यापार
त्यांचा प्रयोग ट्रेन-बसचा होता, बोटीचा नव्हता, हे खरंच आहे. पण बोटीवर एक सोय जास्त असते असं मला वाटतं. बोलायचं तर विषय लागतो. लोकलमध्ये अनोळखी माणसाकडे बघून एकदम काय बोलणार? डेकवर दोघंही तिसरीकडे बघत असतात. नौदलाची युद्धनौका गेली, पक्षी आला, लाट उडाली. एकमेकांकडे न बघता बोलता येतं, आणि नको वाटलं की पुन्हा समुद्राकडे बघून संभाषण सोडताही येतं, कोणाला राग न येता. त्यामुळे मला नवरा-बायको दोघंही थोडे बरोबर वाटतात.

कुरव
पक्ष्याचा विषय निघालाच आहे तर. कृपा करून त्या पक्ष्यांना फरसाण, गाठ्या, वेफर्स टाकू नका. थंडीत लाँचमागे जे थवे येतात ते बहुतेक तपकिरी डोक्याचे आणि काळ्या डोक्याचे कुरव. लांबून स्थलांतर करून येतात. तेलकट-खारट खाणं त्यांच्यासाठी नाही, त्यांना मासे धरता येतात. धक्क्यावर "पक्ष्यांना घालायला" म्हणून पुड्या विकतात, घेऊ नका.

खारा_वारा
मान्य. पण खरं सांगू का, थवा आला की आख्ख्या डेकची माणसं पाच मिनिटं लहान होतात. एवढं दुसऱ्या कशानेच होत नाही.

कुरव
बघा, फोटो काढा, लहान व्हा. गाठ्या स्वतः खा.

रात्रपाळी
सगळे आनंदावर लिहितायत म्हणून थोडं दुसरं. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, १५ जण गेले. त्यानंतर गेटवेला लाईफ जॅकेटची सक्ती आली. त्या आठवड्यात मी मांडव्याला गेले होते. सगळे केशरी जॅकेट घालून बसलेले आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं. जवळून एक छोटी मोटरबोट गेली तेव्हा सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. भीतीसुद्धा एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर जाते.

मग एका खलाशाने फार साधं काम केलं. प्रत्येक बाकाशी थांबून जॅकेटचे पट्टे ओढून बघितले, एका आजींना म्हणाला, "सैल नको, आज्जी, पोटाशी घट्ट." त्यांनी विचारलं, "तुला पोहता येतं का रे?" तो म्हणाला, "मला येतं, म्हणून तर तुम्हाला देतोय." लोक हसले, आणि मग बोलायला लागले.

जुना_देवगडी
रात्रपाळी यांनी भीतीचं लिहिलं ते वाचून 'रामदास' आठवली. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्या, भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली बोट. सहाशेहून अधिक माणसं बुडाली. मोठ्या लाटेने बोट कलल्यावर लोक घाबरून एका बाजूला धावले, असं त्याबद्दल वाचायला मिळतं. आमच्या लहानपणी बोटीवर आरडाओरडा केला की मोठी माणसं दोनच शब्द बोलायची, "रामदास आठव." पोरं गप्प.

पण आमची कोकण बोट फार वेगळी होती. संध्याकाळ-रात्रीचा प्रवास, डेकवर वळकटी पसरून जागा धरायची. सुरुवातीला त्या जागेवरून जी भांडणं! "पाय तिकडे करा", "ही आमची सतरंजी". हर्णै येईपर्यंत भांडणारे दोघे एकमेकांच्या डब्यातलं खात असायचे, कारण एवढ्या वेळात गावं विचारून झालेली असायची आणि कोणाचा ना कोणाचा मामा निघायचाच. बंदरं एकामागून एक यायची, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग. बऱ्याच बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे, समुद्रातच उभी राहायची आणि पडाव येऊन माणसं उतरवायचे. हलत्या शिडीवरून हलत्या पडावात उतरताना आईने माझा हात रात्री जिच्याशी भांडली त्याच बाईच्या हातात दिला होता. दुसरं कोण होतं तिथे?

आता लोक मला विचारतात बोट बंद झाली याचं वाईट वाटतं का. बोटीचं नाही वाटत, फार हाल होते. उलट्या, शेवाळलेले नळ, डेकवर पावसाची झड. ते सगळं विसरून लोक आठवणी काढतात याचा मला राग येतो.

दापोली_गुहागर
आमची दाभोळ-धोपावे जंगलजेटी, म्हणजे खाडीपार गाड्या नेणारी फेरीबोट. २००३ पासून आहे, चिपळूणचा वळसा वाचतो. प्रवास काही मिनिटांचाच. इथे दोन जाती दिसतात, गाडीतून उतरणारे आणि काचा वर करून एसीत बसणारे. उतरणारे कठड्याशी उभे राहतात, भजी कुठे चांगली मिळतात, गुहागरला कुठे उतरावं, सगळं विचारून घेतात आणि पलीकडे हसत जातात. काचवाले पलीकडे गेल्यावर हॉर्न वाजवतात. खाडी तीच, वेळ तीच. एक अट घाला, सगळ्यांनी गाडीतून उतरलंच पाहिजे.

तिरकस
आणि मोटारसायकलवाल्यांनी? ते तर आधीच बाहेर असतात. त्यांना बक्षीस द्या.

दिवाडची_पोर
दिवाड बेटाला पूल नाही. जुनं गोवं, रायबंदर, नार्वे, कुठूनही या, फेरीनेच. पायी माणसाला तिकीट नाही. बाक थोडे, ते दोन्ही कडांना, म्हणून माणसं समोरासमोर. कोणाकडे न बघता नदी पार करणं अशक्य. पाहुणे आले की म्हणतात, "किती शांत!" आम्हाला मात्र फेरीवर कधीच शांत नसतं. कोण कोणाबरोबर आलं, कोणाचा मुलगा दुबईहून परतला, कोणाच्या पिशवीत कसली बाटली, सगळं पलीकडे पोचायच्या आत गावभर झालेलं असतं. वयात आलेल्या मुलीला हा सामाजिक संपर्क जरा जास्तच होतो, एवढंच सांगते. मुंबईवाल्यांना अनोळखी माणसाशी बोलायची मजा वाटते, मला अनोळखी माणसं असलेली फेरी मिळाली तर मजा वाटेल.

घाई असते तेव्हा समोरून फेरी सुटताना बघणं हे वेगळंच दुःख. त्यावर वेगळा धागा काढा.

करंजाची_नात
@दिवाडची_पोर, हे फार खरं. ओळखीचे शेजारी म्हणजे आनंदच असं धरून चाललेत सगळे.

स्टेटन_आयलंडकर
न्यूयॉर्कहून. स्टेटन आयलंड फेरी १९९७ पासून फुकट आहे, मॅनहॅटनला जायला साधारण २५ मिनिटं. एका फेरीत दोन लोकसंख्या. मॅनहॅटनहून येताना पर्यटक सगळे उजव्या कठड्याला, कारण तिकडून स्वातंत्र्यदेवता दिसते. आम्ही रोजचे आत, ठरलेल्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून. वर्षानुवर्षं समोर बसणाऱ्या बाईचं मला नाव माहीत नाही. पण ती काही दिवस दिसली नाही आणि मला चुकल्यासारखं झालं. परत दिसली तेव्हा दोघांनी फक्त मान हलवली. हा संपर्क आहे की नाही? मानस_व्यापार यांच्या प्रयोगात याला रकाना असेल असं वाटत नाही, पण त्या मान हलवण्यावर माझा दिवस बरा गेला.

मधुरा_सिडनी
आमची मॅनली फेरी अर्ध्या तासाची. अर्ध्या वाटेवर बंदराचं तोंड येतं, तिथे उघड्या महासागराची लाट आडवी लागते. रोजचे लोक कॉफीचा कप आधीच उचलून धरतात. नवे लोक किंचाळतात, मग एकमेकांकडे बघून हसतात, आणि लगेच गप्पा सुरू! मी इथे नवी होते तेव्हा पहिली मैत्रीण त्या लाटेमुळे मिळाली. तिची कॉफी माझ्या अंगावर सांडली.

पेण_वडखळ
थोडं गंभीर. वडिलांच्या उपचारांसाठी अलिबागहून मुंबईला जावं लागायचं. लाँच चालू असेल तर लाँचने, जून ते ऑगस्ट वडखळवरून खड्ड्यांतून गाडीने. दोन्हीतला फरक अंतराचा नव्हता. गाडीत आम्ही दोघंच, त्यामुळे आजारपणाशिवाय विषय नसायचा. लाँचवर बाबांना कोणी ना कोणी भेटायचं. सगळ्यांना ते आपण निवृत्त मास्तर आहोत एवढंच सांगायचे, दवाखान्याचं नाव काढायचे नाहीत. मांडवा ते गेटवे ते पेशंट नसायचे. एकदा मी मध्येच औषधाची वेळ झाली म्हणून गोळी पुढे केली तर इतके रागावले माझ्यावर. तेव्हा कळलं नाही. नंतर गोळी धक्क्यावर उतरून द्यायला लागलो.

रात्रपाळी
@पेण_वडखळ, हे वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही.

वसईचा_बाबू
भाईंदर-वसई रो-रोबद्दल कोणी लिहिलं नाही? फेब्रुवारी २०२४ पासून चालू आहे. रस्त्याने घोडबंदरला अडकून जो माणूस शिव्या देत असतो तो इथे बाईकला टेकून सेल्फी काढतो. माझ्या मते आनंद समुद्राचा नाही, माणसांचा नाही, ट्रॅफिक चुकवल्याचा आहे.

नुसताच_वाचक
आतापर्यंतचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर.

संपादक
रो-रोचं भाडं परवडतं की नाही यावरचे नऊ प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. इथे विषयाला धरून बोलावे.

खारा_वारा
उशिरा आलो, सगळं वाचलं. बायकोलाही वाचून दाखवलं. ती म्हणते, पेण_वडखळ यांच्या बाबांना वारा आणि माणसं दोन्ही मिळाली, वेगळं कसं काढणार? मी म्हटलं, मग दिवाडला वारा आहेच की, पोर का वैतागली आहे? त्यावर तिने विचारलं, "तू वरच्या डेकवर गप्पा मारतोस त्या लोकांपैकी किती जण गावात भेटलेले तुला चालतील?" उत्तर दिलं नाही.

माझा मुद्दा मी थोडा बदलतो. शेजारी कोण यापेक्षा त्याच्यापासून सुटता येतं का, हे मोठं. लाँच तासाभराने धक्क्याला लागणार हे दोघांना माहीत असतं. तेवढ्या भांडवलावर माणूस उदार होतो. कोकण बोटीवर रात्रभर सुटका नव्हती म्हणून आधी भांडण आणि मग मामा. दिवाडला सुटका कधीच नाही. आणि करंजाच्या आजींसारखं ज्यांच्याकडे बघून लोक पाय वर घेतात, त्यांना तर सुटायला पुढचं टोकच उरतं. हे मी डेकवर बसून कधी बघितलं नव्हतं, कारण मी नेहमी वर असतो.

करंजाची_नात
पुढच्या वेळी रेवसच्या लाँचने जा. पुढच्या टोकाला बसा. कोणी ना कोणी टोपी उडवेल.

मोरा_ते_मुंबई
पत्ते घेऊन जा सोबत.

नवी_मेंबर
पहिल्यांदाच लिहितेय, विषय सोडून आहे, माफ करा. पुढच्या आठवड्यात मांजर घेऊन मांडव्याला जायचंय. खाली बसू की वर?

कानाची_डॉक्टर
मांजरालाही बोट लागते. निघण्याआधी काही तास खायला देऊ नका, पिंजऱ्यावर पातळ फडकं टाका, मध्यावर बसा.

तिरकस
आणि पाटीवाल्यांपासून लांब. मांजर परत यायचं नाही.